एकच गाणं, दुसरा गळा : कव्हर आणि अनपेक्षित युगुलगीतं नीट ऐकायची पद्धत

आवडत्या गाण्याचं कव्हर, म्हणजे दुसऱ्याच गायकाने गायलेलं तेच गाणं, कुणी ऐकवलं की आपल्याकडे ठरलेले दोन शेरे येतात. "मूळ गाण्याची सर नाही" किंवा "हे तर मूळ गाण्यापेक्षा भारी". शेरा बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीच्या आत तयार झालेला असतो आणि तो तयार झाला की ऐकणं थांबतं. तो शेरा थोडा लांबवायचा आणि मधल्या वेळात दुसऱ्या गायकाने गाण्यातलं काय ठेवलं, काय टाकलं हे कानाने हुडकायचं, यासाठी ही पद्धत आहे. तिला स्वरज्ञान लागत नाही, पेटी वाजवता यायची गरज नाही. एक वही, बरे हेडफोन आणि एकाच गाण्यावर तासभर बसायची तयारी असली की पुरे.

उदाहरणं बरीचशी अमेरिका-ब्रिटनमधली घेतली आहेत, कारण तिथे एकाच गाण्याची पाचपन्नास रेकॉर्डिंग सहज सापडतात आणि कुणी कधी गायलं याची नोंदही नीट असते. पण हे ऐकणं आपल्याला परकं नाही. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर राग-तालाबरोबर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ छापलेली दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली आलं तेव्हा प्रेक्षक ओळखीच्या चालींवर नवे शब्द ऐकत होता. कव्हरमध्ये चाल-शब्द तेच आणि गळा नवा, तिथे चाल तीच आणि शब्द नवे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्हीकडे दोन गाणी एकदम वाजतात. मजा त्याचीच आहे.

पायरी १ : गाणं निवडा, पण सर्वांत लाडकं नको

सर्वांत लाडक्या गाण्याच्या बाबतीत आपण न्यायाधीश होऊ शकत नाही. म्हणून सुरुवातीला असं गाणं घ्या जे तुम्हाला जवळपास पाठ आहे, पण ज्याच्याशी लग्न, प्रेमभंग किंवा आजोबांची आठवण जोडलेली नाही. दुसरी अट म्हणजे दोन्ही गायकांचा पिंड वेगळा हवा. एकाच पठडीतल्या दोघांनी गायलेलं गाणं तुलनेला अवघड जातं. फरक बारीक असतात आणि नवख्या कानातून निसटतात.

सुरुवातीसाठी चार जोड्या सुचवतो. 'रिस्पेक्ट' : ओटिस रेडिंग (१९६५) आणि अरिथा फ्रँकलिन (१९६७). 'हर्ट' : नाइन इंच नेल्स (१९९४) आणि जॉनी कॅश (२००२). 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' : डॉली पार्टन (१९७४) आणि व्हिटनी ह्यूस्टन (१९९२). आणि आपल्या घरचं 'घेई छंद मकरंद'. हे शेवटचं उदाहरण तर नाटकातच कव्हर होऊन आलेलं आहे, त्याकडे पुढे येतो.

पायरी २ : मूळ कोणतं ते आधी पक्कं करा

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. आपण पहिल्यांदा ऐकलेलं ते मूळ, असं आपला कान धरून चालतो. भारतात कितीतरी जणांना 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे व्हिटनीचं सिनेमातलं गाणं म्हणूनच माहीत आहे. ते लिहिलं डॉली पार्टनने, स्वतंत्र वाटचाल करायला पोर्टर वॅगनर या आपल्या जोडीदार कलावंताची साथ सोडताना. म्हणजे त्यातला निरोप कामाच्या जागेचा आहे, प्रियकराचा नव्हे. एवढं कळल्यावर डॉलीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐका, तिचा संयम वेगळाच वाटेल. (एल्व्हिस प्रेस्लीलाही हे गाणं हवं होतं. त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाच्या हक्कात अर्धा वाटा मागितला आणि डॉलीने नकार दिला. व्हिटनीच्या रेकॉर्डनंतर त्या नकाराची किंमत किती झाली असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.)

कधी कधी तर कव्हरचंच कव्हर होतं. लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' १९८४ चं. ज्या अल्बममध्ये ते होतं तो अमेरिकेत काढायला त्याच्या कंपनीने नकार दिला होता. १९९१ मध्ये जॉन केलने एका आदरांजली-अल्बमसाठी ते गायलं आणि त्यासाठी कोहेनकडून जास्तीची कडवी मागवली. फॅक्सवर पंधरा पानं आली. त्यातून केलने आपल्याला हवी ती कडवी वेचली. जेफ बकलीने १९९४ मध्ये जे गायलं ते केलचं गाणं ऐकून. त्यामुळे बकलीची तुलना थेट कोहेनशी केली तर मधला दुवा निसटतो आणि बकलीने न केलेल्या कामाचं श्रेय त्याला मिळतं. कोणती कडवी राहिली आणि कोणती गेली, हा निर्णय केलचा होता.

मूळ शोधताना एवढं करा.

गायकाचं नाव बाजूला ठेवा, गीतकार आणि संगीतकाराच्या नावावरून शोधा. बहुतेक अ‍ॅपवर गाण्याच्या मेनूत 'क्रेडिट्स' असतं. तिथलं गीतकाराचं नाव गायकाहून वेगळं दिसलं तर आधीचं रेकॉर्डिंग असण्याची शक्यता तपासा.

अ‍ॅपवरच्या वर्षावर विसंबू नका. ते पुष्कळदा नंतर काढलेल्या संग्रहाचं किंवा रीमास्टरचं, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगच्या साफसूफ केलेल्या प्रतीचं असतं. १९६५ चं गाणं तिथे २००८ चं म्हणून दिसू शकतं.

'री-रेकॉर्डेड' असा शब्द दिसला तर जपून. जुने कलावंत उतारवयात आपलीच गाणी पुन्हा गाऊन काढतात, बऱ्याचदा हक्कांच्या कारणाने. गळा तोच, पण आपल्याला हवं ते गाणं ते नव्हे.

हिंदी जुन्या गाण्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. १९८० च्या दशकात टी-सिरीजने जुन्या गाण्यांच्या, नव्या गळ्यांतल्या स्वस्त कॅसेट बाजारात आणल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा 'व्हर्जन' रेकॉर्डिंगला वाट होती, तिचाच हा उपयोग. परिणाम आजही दिसतो. रफीचं गाणं शोधायला जावं आणि सोनू निगमच्या आवाजातलं वाजायला लागावं. ओळखायची सोपी खूण म्हणजे साथ. व्हायोलिनच्या ताफ्याच्या जागी कीबोर्ड आणि ढोलकाच्या जागी यंत्राचा ठेका आला की समजा. या कॅसेटना सरसकट नावं ठेवायचं कारण नाही, गावोगावच्या कितीतरी घरांत जुनी गाणी पोचली ती यांच्यामुळे. पण तुलनेसाठी त्यांचा उपयोग कमी, कारण त्यांचा हेतूच मुळाची नक्कल हा होता.

पायरी ३ : आवाजाची पातळी एकसारखी करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळे ती गाळतात. जे जास्त मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. नवी रेकॉर्डिंग जुन्यांपेक्षा मोठ्या आवाजात बनवलेली असतात, त्यामुळे कव्हरला फुकटचे गुण मिळतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आवाज सारखा ठेवायचा 'नॉर्मलायझेशन'चा पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर दोन्ही गाण्यांत फक्त गळा ऐकू येतो अशी एकेक जागा धरून हाताने आवाज जुळवा. बेस वाढवणारा इक्वलायझर बंद. आणि व्हिडिओ पाहू नका. 'हर्ट'चा कॅशवरचा व्हिडिओ इतका प्रभावी आहे की तो पाहिल्यावर गाणं वेगळं काढून ऐकता येत नाही. तो शेवटी, बक्षीस म्हणून.

पायरी ४ : फेऱ्या

आता मुख्य काम. दोन्ही गाणी आलटून पालटून ऐकायची, पण दर फेरीत कानाला एकच काम द्यायचं. सगळं एकदम ऐकायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

*पहिली फेरी, लय.* पायाने ठेका धरा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि चाराने गुणा. दोन्ही गाण्यांचा आकडा वहीत लिहा. याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'टेंटेड लव्ह'. ग्लोरिया जोन्सचं १९६५ चं रेकॉर्डिंग धावतं आहे, ब्रास आणि ड्रमच्या जोरावर. तेव्हा ते चाललं नाही. पुढे उत्तर इंग्लंडच्या नृत्य-क्लबांत जुन्या सोल संगीताचं वेड पसरलं, तिथे ते पुन्हा सापडलं. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या दोघांच्या बँडने त्याची लय उतरवली, पट्टी खाली आणली आणि सगळी वाद्यं काढून सिंथेसायझर ठेवला. ग्लोरिया त्या नात्यातून पळून चाललेली वाटते. सॉफ्ट सेलचा मार्क आमंड पळायचं म्हणतो खरा, पण दारातच उभा आहे. हा फरक बराचसा नुसत्या लयीने केलेला आहे.

*दुसरी फेरी, पट्टी आणि चढण.* गाण्याबरोबर हलकेच गुणगुणा. तुमचा गळा कुठे अडतो ते बघा, म्हणजे गायकाला कुठे जोर लावावा लागला असेल ते कळतं. डॉली पार्टन शेवटाकडचं कडवं गातच नाही, ती ते बोलते. शांतपणे, शुभेच्छा दिल्यासारखी. व्हिटनी तेच कडवं गाते आणि त्याचा उपयोग चढण म्हणून करते. त्यानंतर क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी वर उडी घेते. आधी बराच वेळ ती एकही वाद्य सोबत न घेता गायली आहे, म्हणून ती उडी एवढी मोठी वाटते. हा आराखडा एकदा कळला की नंतरच्या कित्येक स्पर्धांमधल्या मुली या गाण्यात का आपटतात तेही कळतं. त्या उडीची नक्कल करतात, आधीची शांतता गाळतात.

*तिसरी फेरी, शब्द.* दोन्ही गाण्यांचे शब्द समोर ठेवून बदल झाला आहे तिथे पेन्सिलने खूण करा. 'हर्ट'मध्ये नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरच्या मूळ ओळीतल्या मुकुटाला एक शिवी जोडलेली आहे. कॅशने तिथे काटेरी मुकुट केला. शब्द एकच बदलला, पण ऐकणारा थेट ख्रिस्तापर्यंत पोचला. तिशीच्या आतल्या तरुणाची स्वतःबद्दलची किळस सत्तरीतल्या भाविक माणसाच्या पश्चात्तापात बदलते, बाकीची ओळन् ओळ तीच असताना. शेवटही ऐका. नाइन इंच नेल्सचं गाणं कर्कश गोंगाटात फुटतं. कॅशच्या गाण्यात पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत दाब वाढत जातो आणि मग तो हात काढून घेतो. निर्माता रिक रुबिनने त्या आवाजातला थकवा झाकला नाही, तोच पुढे आणला. कॅश सप्टेंबर २००३ मध्ये गेला, त्याची पत्नी जून त्याच्या चार महिने आधी. हे माहीत नसतानाही गाणं उभं राहतं का, हे स्वतःला विचारून पाहा. मला वाटतं, राहतं.

*चौथी फेरी, कोण कुणाला म्हणतंय.* या फेरीत सर्वांत जास्त सापडतं. ओटिस रेडिंगच्या 'रिस्पेक्ट'मध्ये कामावरून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. मिळवता हात माझा, तेव्हा घरी आल्यावर एवढं तरी, असा सूर. अरिथाने बोलणारी व्यक्तीच बदलली. आता मागणी बाईची आहे. त्यासाठी तिने गाण्यात भर घातली. शब्दाची एकेक अक्षरं सुटी करून उच्चारायची ती प्रसिद्ध जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच. मागे तिच्याच बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, तिला दुजोरा देतात. ओटिसच्या रेकॉर्डमध्ये एक माणूस एकटा तक्रार करतो, हिच्या रेकॉर्डमध्ये घरातल्या बायका एकत्र उभ्या आहेत. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही बाहेरून आणलेला. त्याखालचे कॉर्ड सॅम अँड डेव्ह या जोडीच्या वेगळ्याच गाण्यातले. जून १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात ओटिसने हसत हसत कबूल केलं की एका मुलीने हे गाणं आपल्याकडून नेलं. बॉब डिलनचं तर त्याहून पुढे गेलं. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' त्याने १९६७ मध्ये गिटार, हार्मोनिका, बेस आणि ड्रम एवढ्यावर अडीच मिनिटांत उरकलं. जिमी हेंड्रिक्सने पुढच्या वर्षी तेच तीन कॉर्ड घेऊन चार मिनिटांचं वादळ केलं. नंतर मंचावर डिलन स्वतः ते हेंड्रिक्सच्या अंगाने वाजवू लागला.

आता 'घेई छंद मकरंद'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात एकच पद दोन घराण्यांच्या अंगाने येतं, एक नाटकातल्या पंडितजींचं, एक त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेबांचं. शब्द तेच, राग आणि लय निराळी. पंडितजींचं संथ, शब्द न्याहाळत जाणारं. खाँसाहेबांचं आक्रमक, तानांच्या बळावर शब्दावर ताबा मिळवणारं. भ्रमर फुलाकडे जातो हे दोघंही सांगतात, पण एक जण ते पाहतो आणि दुसरा स्वतःच भ्रमर होतो. वसंतराव देशपांड्यांचं रेकॉर्डिंग आधी ऐका. मग २०१५ च्या चित्रपटातली दोन्ही, शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांची. राहुल हा वसंतरावांचा नातू, त्यामुळे इथे कव्हर आणि वारसा यांच्यातली रेघ पुसट होते. नातवाने आजोबांची कोणती जागा जशीच्या तशी ठेवली आणि कुठे हात सोडवून घेतला, हे शोधणं हा एका संध्याकाळचा उद्योग आहे.

पायरी ५ : कव्हर फसलं कुठे, हेही लिहा

मुळाचा आदर म्हणून एकही गोष्ट न बदलणारं कव्हर मला निरुपयोगी वाटतं. तेवढ्यासाठी मूळ आहेच की. उलट टोकालाही एक रोग आहे. कुठलंही जुनं गाणं घ्यायचं, लय निम्मी करायची, एक गिटार, भरपूर घुमारा, कुजबुजता गळा. 'लग जा गले'च्या वाट्याला हे इतक्या वेळा आलं आहे की मदन मोहनच्या १९६४ च्या मूळ चालीत एक हलका डौल आहे, हेच लोक विसरले. परीक्षा सोपी आहे. वहीत 'काय बदललं' या रकान्याशेजारी 'कशासाठी' असा रकाना करा. सॉफ्ट सेलने लय का उतरवली याचं उत्तर गाण्यात मिळतं. कुजबुजत्या कव्हरमध्ये ते मिळत नाही, तिथे लय उतरली कारण अलीकडे सगळेच उतरवतात.

पायरी ६ : अनपेक्षित जोड्या

युगुलगीतासाठी फेऱ्या वेगळ्या. तीन प्रश्न धरून ऐका. सुरुवात कोण करतं? दोघं एकत्र येतात तेव्हा एकच ओळ गातात की वेगवेगळ्या? आणि जास्त ताकदीचा गळा कुठे मागे सरतो?

तिसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडची दोन रत्नं. 'बैजू बावरा' (१९५२) मध्ये नौशादने उस्ताद अमीर खाँ आणि नाशिकचे द. वि. पलुस्कर यांना समोरासमोर गायला बसवलं. कथेत पलुस्करांचा आवाज जिंकायचा होता. 'बसंत बहार' (१९५६) मध्ये त्याहून अवघड प्रसंग. भीमसेन जोशींसमोर मन्ना डे, आणि पटकथेनुसार विजय मन्ना डेंचा! हे ऐकून मन्नादा पळून जायच्या विचारात होते, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. 'केतकी गुलाब जूही' ऐकताना हरणाऱ्याकडे लक्ष द्या. हरायचं तर आहे, पण खोटं गायचं नाही, ही कसरत भीमसेनजी कशी करतात ते बघा. हेच भीमसेनजी वसंतराव देशपांड्यांबरोबर 'टाळ बोले चिपळीला' गातात तेव्हा जिंकण्या-हरण्याचा प्रश्नच नसतो आणि दोघांचे गळे कसे मोकळे सुटतात तेही लागोपाठ ऐका.

दुसऱ्या प्रश्नासाठी बिंग क्रॉस्बी आणि डेव्हिड बोवी. ११ सप्टेंबर १९७७, लंडनजवळ एल्स्ट्री स्टुडिओ, क्रॉस्बीच्या नाताळ कार्यक्रमाचं चित्रीकरण. एक जुन्या पिढीचा मखमली गळा, दुसरा रॉकमधला बहुरूपी. ठरलेलं गाणं 'लिटल ड्रमर बॉय' होतं आणि ते बोवीला अजिबात आवडत नव्हतं. कार्यक्रमाच्या संगीतकार-लेखकांनी तिथल्या तिथे, तासा-सव्वा तासात, त्यावर चपखल बसेल अशी वेगळी चाल आणि वेगळे शब्द रचले. क्रॉस्बी जुनं गाणं गात राहतो आणि बोवी त्याच वेळी त्यावर 'पीस ऑन अर्थ' गातो. दोघांनाही आपली जागा सोडावी लागत नाही. पहिल्यांदा ऐकताना कान फक्त बोवीवर ठेवा, दुसऱ्यांदा फक्त क्रॉस्बीवर. जेमतेम महिन्याभरात, १४ ऑक्टोबरला, क्रॉस्बी गेला. कार्यक्रम त्यानंतर दाखवला गेला.

'बार्सेलोना' आपल्याला जरा जवळचं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिल्या बँडमध्ये पियानो वाजवलेला फारूख बलसारा. १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तो ऑपेरा गायक पावारोत्तीला ऐकायला गेला आणि माँतसेरात काबाये या स्पॅनिश सोप्रानोच्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिकेच्या, आवाजावर लुब्ध होऊन बाहेर आला. १९८७ मध्ये दोघांचं गाणं आलं, पुढच्या वर्षी अख्खा अल्बम. इथे दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या शैलीत शिरत नाही. ती ऑपेराच गाते, तो रॉकच. अनपेक्षित जोडी फसते ती बहुधा याच ठिकाणी, रॉकवाला ऑपेरा गाऊन दाखवू लागतो तेव्हा. उलट निक केव्ह आणि कायली मिनोग यांच्या 'व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो' (१९९५) मध्ये पॉप गाणारी कायली आपला गळा खाली, जवळपास लोकगीताच्या पातळीवर आणते. गाणं खुनाचं आहे. ती मारली गेलेली मुलगी, तो मारणारा. ते एकमेकांशी फारसं बोलतच नाहीत, दोघं आपापली साक्ष देतात.

मेलेल्या गायकाच्या आवाजाशी जोडलेलं युगुलगीत हा वेगळा प्रकार. नॅट किंग कोल १९६५ मध्ये गेला. त्याची मुलगी नताली हिने १९९१ मध्ये त्याच्या जुन्या 'अनफर्गेटेबल'मध्ये आपला आवाज मिसळला. इथे मागे सरायचं काम एकटीलाच करावं लागतं, कारण समोरचा आता काहीच बदलणार नाही. नतालीने ते केलं. नंतर ज्यांनी हाच मार्ग धरला त्यांच्यातल्या बहुतेकांना ते जमलेलं नाही, असं माझं मत.

आणि जी ऐकताच येत नाही अशी एक जोडी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही. जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे मालक-नट एकाच रंगमंचावर, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. दोघांच्या सुट्या तबकड्या मात्र आहेत. त्या एकापाठोपाठ लावून केशवरावांची चढी, धारदार फेक आणि बालगंधर्वांची लडिवाळ मींड एका प्रवेशात कशी बसली असेल याचा अंदाज बांधता येतो.

थोडं कायद्याचं, स्वतः कव्हर गाऊन टाकणाऱ्यांसाठी

घरच्या बैठकीत हवं ते गा. विकायला किंवा प्रसिद्ध करायला मात्र नियम आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आलं. मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, हक्कधारकांना आधी कळवावं लागतं, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि तीही दरवर्षी किमान ५० हजार प्रती धरून. गाणं कव्हर आहे हे स्पष्ट लिहायचं, मूळ गायकाच्या नावा-फोटोने ऐकणाऱ्याला फसवायचं नाही. शब्द-चालीत तांत्रिक गरजेपलीकडचा बदल या वाटेने करता येत नाही. म्हणजे कॅशने केलेला मुकुटाचा बदल इथे या कलमाखाली अडला असता, त्याला मालकाची वेगळी परवानगी हवी.

पायरी ७ : बैठक

एकट्याने तीन-चार जोड्या झाल्या की चार मित्र बोलवा. सहाच गाणी ठेवा, जास्त नकोत. क्रम महत्त्वाचा. मूळ आधी आणि कव्हर नंतर असा रिवाज आहे. मी उलट सुचवतो, कव्हर आधी लावा, निदान ज्यांना दोन्ही माहीत नाहीत त्यांच्यासाठी. मुळालाही एकदा कव्हरच्या सावलीत उभं राहू द्या.

एक संध्याकाळ अशी : कॅशचं 'हर्ट', मग नाइन इंच नेल्सचं. नंतर कान निवायला क्रॉस्बी-बोवी. मग 'घेई छंद' संथ, पाठोपाठ द्रुत. शेवटी रॉबर्ट प्लांट आणि अ‍ॅलिसन क्रॉस यांचं 'प्लीज रीड द लेटर', त्यांच्या २००७ च्या 'रेझिंग सँड'मधलं. लेड झेपलिन या रॉक बँडमध्ये टाहो फोडणारा प्लांट आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारातली, व्हायोलिन वाजवत गाणारी क्रॉस ही जोडी कागदावर न जमणारी. अल्बम जवळपास सगळा कव्हरचा, आणि २००९ च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम ठरला. हे गाणं मात्र प्लांटने झेपलिनचाच गिटारवादक जिमी पेजबरोबर १९९८ मध्ये स्वतःच केलेलं. म्हणजे एकाच गाण्यात कव्हर, युगुलगीत आणि स्वतःचीच उजळणी. ज्याला पुढे जायचं असेल त्याने घरी जाऊन १९९८ चं ऐकावं आणि क्रॉसशेजारी उभं राहिल्यावर प्लांटने आवाज किती उतरवला ते टिपून आणावं.

गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. संपल्यावर प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहायचं, मग तोंडाने सांगायचं. नाहीतर पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवून टाकतो. वाद रंगला तर रंगू द्या, फक्त एक अट. ज्याला "मूळच भारी" म्हणायचं असेल त्याने कव्हरमध्ये बदललेली एक तरी जागा मिनिट-सेकंदासह सांगायची. "कव्हरच भारी" म्हणणाऱ्याने मुळातली एक. सांगता आली नाही तर तो मोबाइल उचलतो आणि गाणं पुन्हा लावतो.